स्वातीच्या नावाची होडी

इयत्ता चौथी

मित्रांनो, तुम्ही स्वाती तारा बघितला आहे का? सप्तर्षीला माझे आजोबा बाज म्हणतात. त्या बाजेची शेपटी जशी वळते तसंच पुढे वळत जायचं. एक मोठा तांबूस तारा लागतो, तो स्वाती. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर त्याला होकुलेआ म्हणतात, म्हणजे आनंदाचा तारा. तेच नाव तिथल्या लोकांनी एका होडीला दिले आहे.

फार पूर्वी पॉलिनेशियाचे लोक होड्यांतून हजारो किलोमीटर लांबच्या बेटांवर गेले. बरोबर बायकामुले, डुकरे, कोंबड्या आणि अळूचे कंदसुद्धा नेले. होकायंत्र नव्हते. पुढे काही विद्वान म्हणू लागले की हे लोक वाऱ्याने भरकटत तिथे पोचले असतील. मला हे पटत नाही. भरकटणारा माणूस कोंबड्या आणि बियाणं घेऊन कशाला निघेल?

खरे काय ते बघायला हवाईच्या लोकांनी जुन्या पद्धतीची जोडहोडी बांधली. लांबी सुमारे १९ मीटर. पण वाट दाखवणारा कोणी हवाईत उरलाच नव्हता. म्हणून मायक्रोनेशियातल्या सातावाल या लहान बेटावरून माऊ पियाइलुग यांना बोलावले. त्यांना ही विद्या आजोबांनी शिकवली होती. माऊ बाळ असतानाच आजोबा त्यांना समुद्रकाठच्या डबक्यात बसवत, पाण्याची ओढ कळावी म्हणून. (माझी आई मला विहिरीच्या काठावरही जाऊ देत नाही.)

आता विद्या सांगतो. प्रत्येक तारा रोज एकाच जागेवरून उगवतो. तो वर चढला की त्याच जागेवरून उगवणारा दुसरा तारा धरायचा. माऊ हे जमिनीवर गोल दगड मांडून शिकवत. आम्हीही मैदानात खडे मांडून बघितले. दिवसा सूर्य आणि लाटा. ढग आले तर लाटा होडीला कुठून हलवतात ते अंगाला कळावे लागते. काही पक्षी सकाळी बेटावरून समुद्रात जातात आणि संध्याकाळी परततात, त्यांच्यावरून जमीन कळते. दक्षिणेला जाताना ध्रुवतारा खाली खाली जातो आणि विषुववृत्ताच्या पलीकडे दिसेनासा होतो. परत येताना स्वाती अगदी डोक्यावरून जाऊ लागला की समजायचे, आपण हवाईच्या रेषेवर आलो.

१ मे १९७६ ला, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनालाच, होडी निघाली. सुमारे ४००० किलोमीटर जाऊन ४ जूनला ताहितीला पोचली. होडीत एकही यंत्र वापरले नाही. बघायला १७,००० च्या वर लोक आले. इतकी मुले होडीवर चढली की मागची बाजू पाण्यात गेली!

पण माऊंच्या बेटावरची मुले ही विद्या शिकेनात. ती बुडेल म्हणून त्यांनी ती बाहेरच्यांना शिकवली. त्यांच्या काही लोकांना ते आवडले नाही. हवाईचे नाइनोआ थॉम्पसन त्यांच्याकडे शिकले आणि १९८० मध्ये त्यांनी स्वतः होडीला ताहितीची वाट दाखवली. माऊ २०१० मध्ये वारले.

माझे आजोबा रात्री पाणी धरायला जाताना घड्याळ नेत नाहीत. तिकांड्यावरून त्यांना वेळ कळते. मी कधी विचारलंच नव्हतं. या मे महिन्याच्या सुट्टीत अंगणात झोपल्यावर विचारलं. रात्री दहाच्या सुमाराला स्वाती आपल्याही जवळजवळ डोक्यावर होता, कारण हवाई आणि आपण नकाशात जवळपास एकाच आडव्या रेषेवर आहोत. आजोबांना आता बारीक तारे दिसत नाहीत. मी सांगायचो आणि ते नाव सांगायचे. तिकांडं सध्या रात्री दिसत नाही. ते दिवाळीनंतर दाखवतो म्हणाले.