भांडार व खरेदीची परीक्षा: बारावीच्या गुणपत्रकापासून टायपिंगच्या चाचणीपर्यंत

खरेदी विभागातली सरकारी नोकरी हवी म्हटलं की पोरं पहिल्यांदा टेंडरच्या नियमांचं जाडजूड पुस्तक विकत आणतात. ते आत्ता आणू नका. बारावी पास असलेल्यांसाठी या क्षेत्रातलं सगळ्यांत मोकळं दार म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेतलं, म्हणजे सीएसआयआरमधलं ‘कनिष्ठ सचिवालय सहायक (भांडार व खरेदी)’ हे पद. त्याच्या पेपरात टेंडरचा एकही नियम विचारत नाहीत. बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, इंग्रजी आणि शेवटी टायपिंग, एवढंच असतं. परतूर तालुक्यातल्या आपल्या वाटूरमध्ये बसून ही तयारी नीट होते. चला, टेबल मोकळं करा.

लागणारं साहित्य: दोनशे पानी दोन वह्या, सेकंद दाखवणारं घड्याळ, बालभारतीची सहावी ते दहावीची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि विज्ञानाची पुस्तकं (धाकट्या भावंडांची जुनी चालतील), इंग्रजी व्याकरणाचं कुठलंही एक पुस्तक, आणि रोज अर्धा तास हाताशी येईल असा संगणक. घरी नसेल तर टायपिंग क्लासची बॅच लावा. मोबाईलवर टायपिंग शिकता येत नाही.

१. बारावीचं गुणपत्रक आणि जन्मतारखेचा दाखला शेजारी शेजारी ठेवा. पात्रता बारावी उत्तीर्ण आणि वयाची मर्यादा २८ वर्षं. ओबीसींना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सूट मिळते. जपा: ईडब्ल्यूएसला वयात सूट नाही, आणि वय मोजतात ते अर्जाच्या शेवटच्या तारखेला.

२. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळवून पाहा. वडिलांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, सगळं. चूक असेल तर आताच दुरुस्तीला टाका. जाहिरात निघाल्यावर दुरुस्तीला वेळ पुरत नाही.

३. टायपिंगची भाषा ठरवा. इंग्रजी मिनिटाला ३५ शब्द किंवा हिंदी मिनिटाला ३० शब्द, यांतली एकच. आपल्याकडे बऱ्याच जणांकडे मराठी ३० चं प्रमाणपत्र असतं, पण इथे मराठी हा पर्यायच नाही. देवनागरीवर हात पक्का बसलेला असेल तर हिंदी घ्या, नाहीतर सरळ इंग्रजी. जपा: अर्जात लिहिलेली भाषा नंतर बदलता येईल या भरवशावर राहू नका.

४. आजपासून रोज २० मिनिटं टायपिंग सुरू करा. हो, अभ्यासाच्याही आधी. डोकं एका रात्रीत जागं होऊ शकतं, बोटं होत नाहीत. पहिले दोन आठवडे वेगाकडे पाहू नका, फक्त कीबोर्डकडे न बघता टाइप करा. जपा: दोन बोटांनी पटापट टाइप करायची सवय असेल तर ती आधी मोडा, ती सवय ३५ पर्यंत नेत नाही.

५. एक जुनी जाहिरात उतरवून घ्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिपेपर्यंत वाचा. परिषदेची एकच मोठी भरती नसते, प्रत्येक प्रयोगशाळा आपली जाहिरात स्वतः काढते. आपल्या जवळच्या म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, नागपूरची नीरी आणि गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. हैदराबादलाही तीन आहेत: आयआयसीटी, सीसीएमबी आणि एनजीआरआय. परतूर स्टेशन मनमाड-सिकंदराबाद मार्गावर असल्यामुळे तिकडच्या जागा दूरच्या समजू नका.

६. वहीच्या पहिल्या पानावर पेपरचं गणित लिहून काढा. सगळी तयारी यावरच उभी आहे, म्हणून सावकाश:

पेपर १: बुद्धिमत्ता चाचणी, १०० प्रश्न, २०० गुण, ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

पेपर २: सामान्य ज्ञान ५० प्रश्न, १५० गुण. इंग्रजी ५० प्रश्न, १५० गुण. दोन्ही मिळून ६० मिनिटं. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीच्याला १ गुण वजा.

आता खरी गोम पाहा. पेपर १ फक्त पात्रतेसाठी आहे. त्यात ठरलेले किमान गुण मिळाले तरच पेपर २ तपासतात, आणि गुणवत्ता यादी लागते ती पेपर २ वर. म्हणजे गणितात तुम्ही कितीही तल्लख असा, जागा मिळणार ती इंग्रजी आणि सामान्य ज्ञानावर. आपल्याकडची मुलं वर्षभर गणितं सोडवत बसतात आणि इंग्रजीला शेवटचा आठवडा देतात. तुम्ही उलट करा: दिवसातले दोन वाटे पेपर २ ला, एक वाटा पेपर १ ला.

७. काहीही न वाचता एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवा. गुण कमी पडले तर खट्टू होऊ नका, आपण आज कुठे उभे आहोत ते कळायलाच हा पेपर आहे. जपा: उत्तरं पाहून पेन्सिलीने दुरुस्त करू नका, चुका तशाच राहू द्या. त्याच पुढच्या पायऱ्यांत कामाला येतील.

८. चुकलेल्या प्रश्नांपुढे एकच अक्षर लिहा: ‘न’ म्हणजे येतच नव्हतं, ‘घ’ म्हणजे घाईत गेलं, ‘भ’ म्हणजे प्रश्नाची भाषाच कळली नाही. जपा: ‘घ’ला ‘न’ समजून सगळा धडा पुन्हा वाचत बसू नका, तिथे फक्त वेग कमी करायचा असतो.

९. ‘भ’ची अडचण आधी मिटवा. पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो, मराठीत येत नाही. वहीत तीन रकाने आखा आणि अंकगणिताचे शब्द समोरासमोर मांडा: सरासरी म्हणजे औसत, शेकडेवारी म्हणजे प्रतिशत, गुणोत्तर म्हणजे अनुपात, नफा-तोटा म्हणजे लाभ-हानि, तिसऱ्या रकान्यात इंग्रजी शब्द. पंचवीस-तीस शब्दांत काम भागतं. जपा: हिंदी दिसायला ओळखीची वाटते म्हणून ही पायरी गाळू नका.

१०. रोज सकाळी अंकगणिताची दहा उदाहरणं सोडवा. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम, वेग, व्याज या क्रमाने जा, कारण पुढचं सगळं शेकडेवारीवर चालतं. एक नमुना सोबत करू. एक पुरवठादार नगाला १,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी सांगतो, पोच फुकट. दुसरा ९६० अधिक १८ टक्के, वर ६० रुपये भाडं. स्वस्त कोण? दोन्ही बेरजा करत बसू नका. किमतीतला फरक ४० रुपये, जीएसटी धरून ४७ रुपये २० पैसे. भाडं ६०. म्हणजे पहिलाच १२ रुपये ८० पैशांनी स्वस्त. फरकावर बोट ठेवलं की वीस सेकंदांत उत्तर. जपा: सोडवताना मोबाईलचं गणनयंत्र हातात घ्यायचं नाही.

११. बुद्धिमत्तेचे प्रश्न एका दिवशी एकाच प्रकारचे घ्या. आज फक्त दिशा, उद्या फक्त नातेसंबंध, परवा फक्त अक्षरमाला. प्रसंग देऊन ‘तुम्ही काय कराल’ असं विचारणारे प्रश्नही या पेपरात असतात. तिथे नियमाला धरून असणारं आणि काम पुढे नेणारं उत्तर निवडा. जपा: ‘मी वरिष्ठांकडे तक्रार करीन’ हे प्रत्येक वेळी बरोबर नसतं.

१२. इंग्रजीला रोज सलग एक तास द्या, आणि तो दिवसाच्या पहिल्या प्रहरात द्या. पहिले चार आठवडे फक्त व्याकरण: कर्ता-क्रियापदाचा मेळ, काळ, शब्दयोगी अव्ययं, आर्टिकल्स. ‘ईच ऑफ द बॉईज’ पुढे ‘हॅज’ की ‘हॅव’? बॉईज अनेक असले तरी कर्ता ‘ईच’ आहे, म्हणून ‘हॅज’. असे प्रश्न ठरलेल्या सापळ्यांवरच बेतलेले असतात. सापळा एकदा ओळखला की तो प्रश्न कायमचा तुमचा. पुढचे आठवडे उतारा वाचन आणि शब्दसंग्रह. जपा: शब्दांच्या नुसत्या याद्या पाठ करू नका, शब्द वाक्यासकट लिहा.

१३. सामान्य ज्ञानासाठी बालभारतीची पुस्तकं आधी संपवा, मग चालू घडामोडींकडे वळा. राज्यघटना, स्वातंत्र्यलढा, भारताचा भूगोल आणि रोजच्या जीवनातलं विज्ञान एवढं पक्कं असलं की मोठा भाग हातात येतो. जपा: चालू घडामोडी देशाच्या वाचा. राज्यसेवेची पुस्तकं महाराष्ट्रावर भर देतात, इथे तो कमी लागतो.

१४. जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढायला परतूरला अर्ज टाका. या पायरीवर आपल्या जिल्ह्यातल्या हुशार मुलांचीही संधी जाते, म्हणून नीट वाचा. राज्याचा एसईबीसी दाखला केंद्राच्या भरतीत चालत नाही. एनटी, व्हीजे हे गटही केंद्रात वेगळे नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहा. कुणबी, धनगर, वंजारी आहेत. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर हवंच. ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं, आणि कुटुंबाच्या नावे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेती असेल तर उत्पन्न कमी असलं तरी दाखला मिळत नाही. सातबारा आधी मोजा. जपा: ईडब्ल्यूएसचा दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच चालतो.

१५. आठवड्यातून एक दिवस ठरवून प्रयोगशाळांची संकेतस्थळं उघडा. सोमवार बरा. जपा: जाहिरात फक्त मूळ संकेतस्थळावरून उतरवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फाईलवर विसंबून पैसे भरू नका.

१६. जाहिरात निघाली की अर्ज पहिल्या आठवड्यातच भरा. पदाच्या नावापुढे कंसात सामान्य, वित्त व लेखा, आणि भांडार व खरेदी असे तीन प्रकार दिसतील, प्रत्येकाचा कोड वेगळा. तुम्हाला तिसरा हवा आहे. जपा: शेवटच्या दिवशी संकेतस्थळ हमखास रखडतं आणि तेव्हाच वाटूरची वीजही जाऊ शकते.

१७. आठवड्याला एक पूर्ण सराव पेपर द्या, पेपर १ आणि पेपर २ एकाच दिवशी. पेपर २ मध्ये एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद येतात. म्हणून सामान्य ज्ञान आधी घ्या आणि वीस मिनिटांत संपवा, कारण तिथे येतं किंवा येत नाही, विचार करून फायदा नाही. वाचलेली चाळीस मिनिटं इंग्रजीला. जपा: उताऱ्याचे प्रश्न शेवटाला ठेवा, पण सोडून देऊ नका.

१८. अंदाजाचा नियम सरावातच पक्का करा. पेपर १ मध्ये गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. पेपर २ मध्ये चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तर सरासरीत काहीच मिळत नाही आणि काहीच जात नाही. पण एक पर्याय खात्रीने चुकीचा आहे हे कळलं, की उरलेल्या तिघांत अंदाज लावणं फायद्याचं. एकही पर्याय खोडता येत नसेल तर पुढे चला.

१९. प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी प्रवासाची जागा पक्की करा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सकाळचा पेपर असेल तर आदल्या संध्याकाळी शहरात पोहोचा. वाटूर फाट्यावरून पहाटेची गाडी वेळेत मिळेल असं धरून चालू नका.

२०. लेखी परीक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी टायपिंगचा वेळ दुप्पट करा. निकालाची वाट पाहत थांबू नका. चाचणी दहा मिनिटांची असते, म्हणून सरावही सलग दहा मिनिटांचाच करा. घरी ४० चा वेग येऊ द्या, परक्या कीबोर्डवर चार-पाच शब्द उतरतातच. जपा: ही चाचणी फक्त उत्तीर्ण व्हायची असते, तिचे गुण यादीत धरत नाहीत, पण नापास झालात तर यादीतला पहिला क्रमांकही वाया जातो.

२१. नियुक्तीपत्र हातात आल्यावर मात्र नियमांचं पुस्तक उघडा. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांचं सहावं प्रकरण, वस्तू आणि सेवांची खरेदी. सुरुवात १४४ व्या नियमापासून करा, मग जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलचा १४९, मग कोटेशनशिवाय खरेदीचा १५४ आणि खरेदी समितीचा १५५. जपा: रकमेच्या मर्यादा जुन्या पुस्तकातून पाठ करू नका. जून २०२५ मध्येच वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली आहे. पुढे बढतीच्या विभागीय परीक्षेत हेच नियम विचारतात, आणि तेव्हा सुधारित प्रत वाचलेलाच पुढे जातो.