मोटारीची झिलई आणि तिची परिभाषा

नवी मोटार उन्हात उभी असली, की भोवतालची झाडे व घरे तिच्या अंगावर आरशासारखी उमटतात. काही वर्षांनी ते प्रतिबिंब मंदावते आणि सूर्यप्रकाशात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसू लागतात. कोरड्या फडक्याने पुसताना धुळीचे कण रंगावरून फिरतात, त्यांचेच हे ओरखडे होत. मग गॅरेजमध्ये जाऊन आपण ‘रबिंग-पॉलिश’ करून मागतो. या जोडशब्दात निरनिराळ्या क्रिया एकत्र बांधलेल्या आहेत. त्या वेगळ्या ओळखणे अगत्याचे आहे. कारण येथे शब्द सैल वापरला, तर झीज रंगाची होते.

प्रथम झिलई म्हणजे काय, ते पाहू. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात काचेच्या झिलईविषयी म्हटले आहे, की घासण्याने ओरखडे नाहीसे होत नाहीत. ते डोळ्यांना दिसेनासे होण्याइतके बारीक होतात, एवढेच. मोटारीच्या रंगालाही हा विचार लागू पडतो. ठळक ओरखड्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो व पृष्ठभाग निस्तेज दिसतो. ओरखडे पुरेसे सूक्ष्म झाले, म्हणजे प्रकाश सरळ परावर्तित होतो. यालाच आपण चकाकी म्हणतो.

आजच्या बहुतेक मोटारींवर रंगाच्या थरावर एक पारदर्शक थर असतो. त्याला ‘क्लिअर कोट’ म्हणतात. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ओरखडा काढणे म्हणजे त्याच्या तळापर्यंत भोवतालचा थर खरवडणे. खरवडलेला थर पुन्हा वाढत नाही.

खरवडण्याचे काम ज्या कठीण कणांनी होते, त्यांना ‘अपघर्षक’ ही संज्ञा आहे. मोटारीच्या पॉलिशमध्ये मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. त्याचेच नैसर्गिक रूप म्हणजे कुरुंद. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्द तमिळ ‘कुरुंदम’वरून गेला आहे, आणि संस्कृतातील ‘कुरुविंद’ त्याचाच आप्त आहे. मोहस याने १८१२ साली मांडलेल्या काठिण्यश्रेणीत हिऱ्याला १०, तर कुरुंदाला ९ हा अंक आहे.

या कणांचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्यात अनेक सूक्ष्म कणांचे पुंजके असतात. दाबाखाली ते फुटत जातात. म्हणजे घासणे प्रारंभी खरखरीत व अखेरीस मऊ होते. यांना आपण ‘विघटनशील’ म्हणू. कारागिराने घाईने हात थांबवला, तर न फुटलेल्या पुंजक्यांचे ओरखडे मागे राहतात. दुसऱ्या प्रकारात कण आरंभापासूनच सूक्ष्म व एकसारखे असून आपला आकार टिकवतात. यांना ‘अविघटनशील’ म्हणता येईल. येथे कण आपोआप सौम्य होत नाहीत. म्हणून गादीचा मऊपणा, हाताचा दाब व घासण्याचा काळ यांवर नियंत्रण ठेवावे लागते.

आता बाटल्यांवरील शब्दांकडे वळू. ‘कट’ म्हणजे खरवडण्याची शक्ती. ‘कंपाउंड’मध्ये ती अधिक, ‘पॉलिश’मध्ये कमी असते. ‘ग्लेझ’ बहुधा ओरखडे तेलकट द्रव्याने बुजवते. धुतल्यावर ते पुन्हा दिसू लागतात. शुद्ध ‘वॅक्स’ काहीच खरवडत नाही; ते केवळ रक्षक लेप देते. कागदाच्या बाबतीत क्रमांकाची सोय आहे: २००० क्रमांकाच्या पॉलिश कागदावरील कण सरासरी सुमारे १० मायक्रॉनचे असतात आणि क्रमांक वाढला, की कण बारीक होतो. बाटलीवरील ‘फाइन’ वा ‘मीडियम’ या शब्दांना मात्र असे सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचे ‘फाइन’ दुसरीच्या ‘मीडियम’इतके तीव्र असू शकते.

म्हणून नावावर विसंबू नये. सर्वांत सौम्य पॉलिश प्रथम हातभर जागेवर लावून पाहावे. ओरखडा न गेल्यासच पुढील पायरी घ्यावी. फार खोल ओरखडा तसाच राहू देणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे खरे. परंतु मूर्तिकाराच्या हाती अखंड शिळा असते, आणि येथे आपल्या हाती केसाहूनही पातळ असा एक थर आहे.