'बरं आहे' म्हणणाऱ्या सासूबाईंचं खरं मानायचं का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना काही वर्षांपासून डिमेन्शिया आहे. नारायण नागबळीसाठी येणारे यजमान आमच्याकडे उतरतात आणि त्यांच्या पंगती सासूबाईंनी जन्मभर सांभाळल्या. श्रावणात ओल्या पायरीवरून पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून नाशिकला दवाखान्यात ठेवलं होतं. तिथे एका शिकाऊ डॉक्टरांनी 'जीवनमान' मोजण्यासाठी त्यांना आणि मला वेगवेगळं बसवून तेच तेरा प्रश्न विचारले. त्यांनी बहुतेक ठिकाणी 'चांगलं' सांगितलं, मी 'वाईट'. सकाळी काय खाल्लं हेही ज्यांना आठवत नाही, त्यांच्या उत्तराला काय अर्थ?
– एक वाचक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : अर्थ आहे, आणि तुमच्या उत्तरापेक्षा जास्त आहे. तेरा प्रश्न म्हणजे ती बहुधा 'क्यूओएल-एडी' ही प्रश्नावली असावी. रिबेका लॉग्सडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९० च्या दशकात अमेरिकेत तयार केली. प्रकृती, उत्साह, मनःस्थिती, राहती जागा, स्मरणशक्ती, घरची माणसं, पैसा, एकूण आयुष्य अशा तेरा बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण, म्हणजे कमीत कमी १३ आणि जास्तीत जास्त ५२. दोघांचे गुण एकत्र करायचे झाल्यास रुग्णाच्या उत्तराला नातेवाइकाच्या दुप्पट वजन द्यायचं, असं ती तयार करणाऱ्यांनीच ठरवलं आहे.

सकाळचा नाश्ता सांगायला आठवण लागते. आत्ता कसं वाटतंय हे सांगायला ती तेवढी लागत नाही. आजार सौम्य किंवा मध्यम असेपर्यंत बहुतेक रुग्ण स्वतःबद्दल भरवशाचं उत्तर देऊ शकतात. नातेवाइकांचे गुण मात्र बहुतेक वेळा रुग्णापेक्षा कमी येतात, आणि सांभाळणारं माणूस थकलेलं किंवा खचलेलं असेल तर आणखी खाली जातात. तुम्ही सासूबाईंकडे पाहताना त्यांनी काय काय गमावलं ते पाहता. त्या स्वतः आजचा दिवस पाहतात. स्मरणशक्तीच्या चाचणीत गुण घसरले म्हणून जीवनमान त्याच मापाने घसरतं असंही दिसलेलं नाही. त्याचा जवळचा संबंध असतो तो नैराश्याशी.

लंडनमध्ये तयार झालेल्या 'डेमक्वॉल' प्रश्नावलीत तर नातेवाइकाला बजावलेलं असतं की तुमचं मत नको, तुमच्या माणसाने काय उत्तर दिलं असतं ते सांगा. एकदा असं करून बघा. तुमचेच गुण बदलतील.

तरीही दवाखान्यात घेतलेल्या उत्तरांकडे जपूनच पाहायला हवं. शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसाला डिलिरियम होऊ शकतो, म्हणजे एकाएकी आलेला गोंधळ. डिमेन्शिया असेल तर तो होण्याची शक्यता बरीच वाढते. त्या अवस्थेत प्रश्नावली पुढे करण्यात काहीच हशील नाही. आधी दुखणं, बद्धकोष्ठ, लघवीतला जंतुसंसर्ग, कमी पडलेलं पाणी यांचा शोध घ्यायला हवा. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहिलं असेल तर उत्तरं अर्धवटच येणार. संध्याकाळी अस्वस्थता वाढते, म्हणून विचारायचं ते सकाळी. आणि आपल्याकडची जुनी बाई परक्या डॉक्टरांसमोर 'बरं आहे' म्हणणारच, तो तिचा शिष्टाचार आहे. म्हणून चार पर्याय मोठ्या अक्षरांत लिहून समोर धरावेत आणि बोट ठेवायला सांगावं.

बोलणंच थांबलं असेल तर निरीक्षण करायचं. 'क्वालिड' या मापनात मागच्या सात दिवसांतल्या अकरा गोष्टी नोंदवतात: हसू येतं का, रडू येतं का, चेहरा कळवळतो का, खाण्यात गोडी वाटते का, कुणी हात धरलेला आवडतो का. ब्रिटनमध्ये टॉम किटवुड यांनी ब्रॅडफर्डला रुजवलेल्या पद्धतीत निरीक्षक तासन्‌तास बसून दर पाच मिनिटांनी नोंद करतो. भरलेल्या वॉर्डात सिस्टरांना हे जमणं कठीण. पण तुम्ही उशाशी असता, तुम्हाला जमेल.

तुमच्या पत्राच्या शेवटी आहे की सासूबाई वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्याला 'यजमान जेवले का?' असं विचारत होत्या, सलाईनची नळी ओढत होत्या आणि तुम्हाला लाजल्यासारखं होत होतं. मला त्या तेरा उत्तरांहून त्यांचा हा प्रश्न मोलाचा वाटतो. त्यांच्या चांगल्या दिवसात काय असतं ते त्यांनी स्वतःच सांगितलंय. 'जेवले सगळे' एवढं म्हणून त्यांच्या हातात घडी घालायला चार टॉवेल दिले असते, तर सलाईनची नळी ओढण्याचं त्यांना कदाचित सुचलंही नसतं. अशा गोष्टी एका कागदावर लिहून खाटेला लावाव्यात: कोणत्या नावाने हाक मारायची, चहा कसा लागतो, कशाची भीती वाटते, दुखलं की काय करतात. ब्रिटनच्या अल्झायमर्स सोसायटीने यासाठी छापील पत्रकच काढलं आहे. तिथे रुग्णाजवळ घरच्यांना राहू द्यावं म्हणून २०१४ मध्ये 'जॉन्स कॅम्पेन' ही मोहीम सुरू करावी लागली. आपल्याकडच्या वॉर्डात ती मुभा बहुधा असतेच. आयसीयूत मात्र दार बंद होतं, तिथे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.

भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. तुमच्यासारखा प्रश्न पडलेल्या घरांची संख्या त्यावरून ताडता येईल.

हाड जुळून आलं, दुखणं ओसरलं की तेच तेरा प्रश्न घरी पुन्हा विचारा, सकाळीच. बेरजेच्या मागे लागू नका, कोणत्या उत्तरात फरक पडला ते पाहा. मनःस्थितीपुढचं त्यांचं उत्तर खाली आलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण नैराश्यावर उपचार होतात. आणि तुमचे स्वतःचे गुण अजूनही 'वाईट'वरच असतील, तर त्याच भेटीत डॉक्टरांशी तुमच्या झोपेबद्दलही बोला.