बोटीवरचं बिल आणि मैत्रीण

रत्नागिरी

चि. सोनू,


तुम्हा चौघी मैत्रिणींच्या बोटीच्या सहलीबद्दलचा तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तर कागदावर देतोय, कारण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस.

लक्षद्वीप समोर दिसत असताना बोट उतारू न उतरवता परत फिरली, याचा तुला संताप आलाय. तो कप्तानावर काढू नकोस. ती बेटं प्रवाळाची, भोवताली उथळ पाणी. एवढी मोठी बोट आत शिरूच शकत नाही. ती बाहेर खोल समुद्रात उभी राहते आणि माणसं लहान होड्यांतून न्यावी लागतात. लाटा उसळत असताना बोटीच्या दारातून त्या डुचमळत्या होडीत पाय टाकताना लोकांची काय गत होते, ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय. मेच्या अखेरीला अरबी समुद्र फुगायला लागतो. तुझ्या पणजोबांच्या वेळी भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोटही पावसाळ्यात बंद असायची, आणि एरवीही कित्येक बंदरांत लोक पडावातूनच काठाला लागायचे. अशा दिवसांत तिकीट स्वस्त मिळालं ते उगाच नव्हे.

हवामानामुळे मार्ग बदलण्याचा हक्क कंपनी तिकिटाच्या अटींतच राखून ठेवते. तेव्हा पूर्ण पैसे परत मागून हाती काही लागायचं नाही. बिलात त्या बंदराचं शुल्क वेगळं लावलं असेल, तर तेवढं मात्र जरूर मागा.

बोट लागली, त्याचं म्हणशील तर पुढच्या वेळी खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घे. तिथे हेलकावे सर्वांत कमी. चौघींनी बिनखिडकीच्या एका खोलीत राहायचं, दोघींनी भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या बर्थवर झोपायचं, आणि वर एकीला ओकाऱ्या! तिथे भांडण झालं नसतं तरच नवल.

पण खरं भांडण खोलीवरून झालेलं नाही. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. सगळा खर्च खोलीच्या खात्यावर चढतो आणि शेवटच्या दिवशी एका कार्डातून वळता होतो. ते कार्ड बुकिंग करणाऱ्या मैत्रिणीचं. एकीने वायफाय घेतलं, दुसरीने कॉकटेल, तिसरी कॅसिनोत बसली, आणि बिल आल्यावर बाकीच्या दोघींनी मिळून तिलाच ऐकवलं की सहल तुझ्यामुळे फसली. तू गप्प बसलीस, असं तूच लिहिलंयस. ते मला अजिबात आवडलं नाही. तारखा ठरवताना तुम्ही चौघींनी माना डोलावल्या होत्यात ना? जी पुढाकार घेते तिच्याच माथी खापर फोडायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. अशाने पुढच्या वेळी कुणी पुढे होत नाही.

आता ऐक. बिलाची प्रत मागवून घे, कुणी काय घेतलं ते मांड आणि तुझ्या वाटणीचे पैसे आजच पाठव. बाकीच्या दोघींची वाट पाहू नकोस. मग ग्रुपवर न लिहिता तिला फोन कर. समुद्राचं खापर तिच्यावर फोडलं ते चुकलं, एवढं स्पष्ट म्हण. ती चिडली तर चिडू दे, ऐकून घे.

जुलैत ती नोकरीसाठी बंगळूरला जाणार आहे म्हणतेस. त्याआधी हे उरकून टाक.

तुझा,
मामा