अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊ नकोस

काल रात्री पावणेअकराला तुझा मेसेज आला. ‘ताई, आज बारापर्यंत फॉर्म भरला नाही तर लाडक्या बहिणीचा हप्ता कायमचा बंद. लगेच लिंक उघड.’ वर मुख्यमंत्र्यांचा फोटो, खाली हात जोडलेली चार चित्रं. मी लिंक उघडली नाही, तुलाच फोन लावला. तू म्हणालीस, ‘अगं, जाऊबाईंनी पाठवलंय. त्या कशाला खोटं बोलतील?’

खरंय, जाऊबाई खोटं बोलत नाहीत. त्यांना कुणीतरी पाठवलं, त्यांनी काळजीपोटी तुला पाठवलं, तू मायेनं मला. अफवेच्या माळेत खोटं बोलणारा एखादाच असतो गं, बाकीचे सगळे आपल्यासारखे जीव लावणारे. म्हणून तर ती इतकी लांब जाते. तेव्हा ‘कुणी पाठवलं?’ एवढं विचारून भागत नाही. ‘त्याला कसं कळलं?’ हे विचारायचं.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. आता सांगते ते घरात कुणाला बोलू नकोस.

10 जुलै 2024 ची सकाळ आठवते का? सव्वासातच्या सुमाराला मांडणीवरची भांडी खणखणली. आपल्या हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप. मार्चमध्ये 21 तारखेलाही सकाळी सहाला तेवढाच बसला होता. मराठवाड्यात जमीन हलली की आईच्या डोळ्यांसमोर 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारी उभी राहते, तुला माहीत आहे. त्यातच दुपारी मेसेज आला, ‘आज रात्री दोनला याहून मोठा धक्का, शास्त्रज्ञांचा इशारा.’ गल्लीत कुणी म्हणालं, औंढ्याजवळच्या लायगोमुळेच हे होतंय. अगं, ती प्रयोगशाळा आकाशातून येणाऱ्या अगदी सूक्ष्म लहरी टिपण्यासाठी उभारायची आहे. तिला स्वतःलाच शांत जमीन लागते, ती जमीन कशाला हलवेल? पण त्या दिवशी माझी मती कुठे ठिकाणावर होती! मी तो मेसेज तीन ग्रुपवर टाकला.

आपल्या शेजारच्या आजी रात्रभर ताडपत्रीखाली अंगणात बसल्या. पावसाची झड लागलेली, त्यात त्यांचे गुडघे तसले. धक्का आला नाही, आजींना ताप आला. आठ दिवसांनी मी चहा घेऊन गेले तर एवढंच म्हणाल्या, ‘पोरी, त्या शास्त्रज्ञाचं नाव तरी काय होतं गं?’

मला नाव सांगता आलं नाही. मेसेजमध्ये ते नव्हतंच. भूकंपाचा दिवस आणि तास आधी सांगणं जगात अजून कुणालाही जमलेलं नाही. मिनिटभर थांबून विचार केला असता तर तो मेसेज तिथंच मेला असता.

आपण जवळा बाजारच्या पोरी. मोंढा बघत वाढलो. व्यापारी हळदीच्या पोत्यासमोर उभा राहिला की काय करतो? रंग बघून भाव सांगत नाही. हळकुंड उचलतो, मोडतो, आतला गाभा बघतो. बातमीचंही तसंच. वरून सगळ्याच पिवळ्याधमक दिसतात.

कालच्याच मेसेजचं हळकुंड मोडून बघू. एक, लिंकमधल्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेआधीचा भाग, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचा शेवट बघ. बहुतेक सरकारी संकेतस्थळांचं नाव ‘डॉट जीओव्ही डॉट इन’नं संपतं. मधेच कुठेतरी ‘महाराष्ट्र’ आणि ‘योजना’ कुणीही घुसडू शकतो. दोन, निर्णय झाला असेल तर शासन निर्णय निघतो. त्याला तारीख असते आणि शेवटी लांबलचक सांकेतांक असतो. शासनाच्या संकेतस्थळावर तो तुझा तुला काढून बघता येतो. तीन, घाई. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाली तेव्हा महिलांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. रात्री पावणेअकराला सांगून बाराला दार लावणारा माणूस सरकारचा नसतो, तुझ्या बँक खात्यावर डोळा ठेवून बसलेला असतो.

पैसे गेले तर रडून का होईना, पुन्हा मिळवता येतात. पण राईनपाडा आठव. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं गाव, 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथं आले होते, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हे तेव्हा फोनाफोनांवर होतं. एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढ्यावरून जमावानं पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. टोळी नव्हतीच. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मोटारसायकलवरचे दोघं मूल उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात, ‘मुलांना जपा’ सांगण्यासाठी. कुणीतरी तो शेवटच कापला. अर्धं हळकुंड म्हणतात ते हेच बघ.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच जागी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. आता मेसेजवर दोन बाण दिसले तर समज, तो कितीतरी हातांतून फिरून आलाय. देवळातल्या घंटेसारखा, प्रत्येकानं वाजवलेला. त्यानं तो खरा ठरत नाही.

राजकारणाच्या बातम्यांत मात्र डोकं जास्तच शाबूत ठेवावं लागतं, कारण तिथं आपल्याला भीतीपेक्षा आनंद फसवतो. आपल्या नावडत्या पुढाऱ्याची लबाडी कळली की बोट आपोआप पुढे पाठवायला जातं. तेव्हा मी एक करते. नाव बदलून वाचते. हीच गोष्ट माझ्या आवडत्या माणसाबद्दल असती, तर मी पुरावा मागितला असता का? मागितला असता, तर आताही मागायचा. आणि वेळ बघायची. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या दिवशी विरोधी आघाडीतल्या दोन नेत्यांच्या म्हणून आवाजाच्या क्लिप फिरल्या. तो आवाज आपला नाही, असं त्यांनी सांगितलं. पण खरं-खोटं तपासायला एक रात्रही मिळत नाही, अशा वेळी आलेल्या गोष्टीवर मत बदलू नये, मग ती कुणाच्याही विरुद्ध असो. वाहिनीच्या नावाचं चित्र आलं तर त्या वाहिनीच्या स्वतःच्या पानावर जाऊन बघ. एक बातमी दोन वेगळ्या विचारांच्या पेपरांत वाच. दोघांत जे सारखं असेल ते धर.

आता तुझी खरी अडचण. मामंजींनी घरच्या ग्रुपवर काही टाकलं तर? चारचौघांत ‘हे खोटंय’ लिहू नकोस. मोठ्या माणसाचा पाणउतारा झाला की ते खोट्यालाच जास्त घट्ट धरतात. संध्याकाळी चहा दे, फोन हातात घेऊन शेजारी बस आणि म्हण, ‘मामंजी, हे मला नीट कळलं नाही, आपण दोघं शोधू या का?’ त्यांनी स्वतः शोधलेलं ते विसरणार नाहीत.

आणि एक. हे सगळं ऐकून ‘सगळेच खोटे, सगळे पेपर विकलेले’ म्हणणाऱ्यांत जाऊन बसू नकोस. ते शहाणपण नव्हे, आळस आहे. एक हळकुंड किडकं निघालं म्हणून कुणी मोंढा बंद करत नाही. ज्याचा कशावरच विश्वास नाही, त्यालाही शेवटी जो मोठ्यानं ओरडतो त्याचंच पटतं.

तर बाई, यापुढे रात्री दहानंतर आलेला कुठलाही मेसेज सकाळपर्यंत ठेव. राहवलं नाही तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. आणि आज जाऊबाईंना जवळ बसवून ती लिंक पुसून टाकायला सांग, नाही तर त्या आणखी कुणाला तरी मायेनं पाठवतील.