मानेचं कवच घेण्याआधी

प्रिय ओंकार,



मनालीला डाउनहिल सायकलिंगच्या सरावाला जायचं तू पक्कं केलंस हे ताईकडून कळलं. तुझ्या पाच लिंकाही मिळाल्या. "यातला कुठला नेक ब्रेस घेऊ, एका ओळीत सांग," असं तू विचारलंस. मान हे माझं रोजचं काम आहे. दुखणाऱ्या माना, आखडलेल्या माना आणि कधीमधी अपघातानंतर कायमच्या बदललेल्या माना मी हाताळते. म्हणून एका ओळीवर भागवणार नाही, पत्रच लिहिते. तरी ती ओळ आधी सांगून टाकते: तुझं हेल्मेट डोक्यावर, तुझं बॉडी आर्मर अंगात आणि तू तुझ्याच सायकलवर, अशा अवस्थेत जो नीट बसेल तो ब्रेस तुझा. ब्रँड आणि किंमत त्यानंतर.

आधी मान मोडते कशी ते समजून घे. मानेत सात मणके असतात. तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघणाऱ्या मज्जातंतूंवर श्वासपटल चालतं. त्यामुळे तिथली इजा हातापायांपुरती राहत नाही, श्वासावरच येते. स्टीफन मरे हा ब्रिटिश बीएमएक्सपटू ऐन भरात असताना २००७ साली बाल्टिमोरच्या स्पर्धेत डोक्यावर आपटला आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. इतक्या कसलेल्या माणसालाही कौशल्य प्रत्येक वेळी वाचवत नाही, एवढं ध्यानात असू दे.

डाउनहिलमध्ये धोक्याची पडझड म्हणजे हँडलवरून पुढे उडणं. पुढचं चाक खड्ड्यात किंवा दगडाला अडतं, सायकल थांबते, माणूस थांबत नाही. डोकं जमिनीला लागून अडतं आणि मागून सगळ्या धडाचं वजन मानेवर येतं. मान त्या क्षणी जरा पुढे झुकलेली असली तर तिचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो, मणके एका रेषेत येतात आणि तो भार सरळ त्यांच्यावर पडून मणका फुटू शकतो. दुसरा प्रकार वाकण्याचा: डोकं पुढे, मागे किंवा कुशीला मर्यादेपलीकडे ढकललं जातं.

नेक ब्रेस मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. खांद्यांवर बसणारी ती एक ताठ चौकट असते. डोकं फार वाकलं की हेल्मेटची खालची कड तिच्यावर टेकते आणि जोर मानेतून जाण्याऐवजी छाती, पाठ आणि खांद्यांवर उतरतो. सरळ उभ्या दाबात तिचा उपयोग कमी, कारण हेल्मेट आणि ब्रेस यांच्यातली फट मिटल्याशिवाय ती भार घेऊच शकत नाही. विकणारे हे ठळक अक्षरांत लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते.

असा ब्रेस पहिल्यांदा नावारूपाला आणला तो दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. ख्रिस लीट यांनी. ते डॉक्टर आणि मोटरसायकलस्वारही. २००१ साली एका शर्यतीत सहस्पर्धकाचा मृत्यू त्यांनी पाहिला आणि त्यानंतर ते या कामाला लागले. ही वस्तू मोटरसायकलींच्या मोटोक्रॉस शर्यतींमधून आली आणि मग डाउनहिलवाल्यांनी घेतली. लीटखेरीज अ‍ॅटलस, अल्पाइनस्टार्स, ऑर्टेमा यांचे ब्रेस आहेत आणि त्यांची ठेवण एकमेकांसारखी नाही. कुणाचा मागचा भाग पाठीच्या मधोमध टेकतो, कुणाचा मणक्याच्या दोन्ही बाजूंना विभागलेला असतो. एकाला जो बसतो तो दुसऱ्याला बसेलच असं नाही.

तू विचारलं होतंस, "वर्ल्ड कपमधले कितीतरी जण घालत नाहीत, मग मी का घालू?" प्रश्न रास्त आहे. जागतिक सायकल संघटना, म्हणजे यूसीआय, डाउनहिलला फुल-फेस हेल्मेट सक्तीचं करते. मानेच्या मणक्यांच्या संरक्षणाची नुसती शिफारस करते. डाउनहिल हेल्मेटसाठी एएसटीएम एफ१९५२ हा निकष आहे, ब्रेससाठी तितका सर्वमान्य निकष नाही. मोटोक्रॉसच्या अपघातांच्या नोंदींवरून ब्रेसला अनुकूल निष्कर्ष निघाले आहेत, पण माणसं मुद्दाम पाडून तर प्रयोग करता येत नाही. त्यामुळे खात्रीने इतकंच म्हणता येतं: वाकण्याच्या इजांविरुद्ध याची रचना पटण्यासारखी आहे आणि नीट बसलेला असेल तर त्रास थोडा. माझं मत विचारशील तर, नव्या ट्रॅकवर वेगाने उतरायला शिकणाऱ्या मुलाने तो घालावा. वर्ल्ड कपवाल्यांना उताराची ओळ तोंडपाठ असते, तुला अजून दगडही ओळखीचे नाहीत.

ब्रेस मानेपुरता आहे, हेही विसरू नकोस. न्यूझीलंडचा ब्रूक मॅकडोनाल्ड २०१९ च्या जागतिक स्पर्धेच्या सरावात मों-सेंत-आन इथे पडला तेव्हा मोडले ते पाठीचे खालचे मणके. तो चिकाटीने उभा राहिला, पुन्हा शर्यतीतही उतरला. पण ब्रेसचे पैसे काढायला पाठीच्या गार्डमध्ये काटकसर करू नकोस. दोन्ही जमत नसेल तर पाठीचं आधी.

आता तुझ्या लिंकांकडे वळते. पाचातल्या दोन बाद. एक आहे काही शे रुपयांची फोमची गोल कॉलर. मोटोक्रॉसच्या लहान मुलांच्या गळ्यात अशी दिसते. तिने मान थोडी टेकते, थकवा कमी वाटतो. पण ती दाबली की दबते, भार कुठेच उतरवत नाही. दुसरी तर मेडिकलमध्ये मिळणारा मानेचा पट्टा आहे. तो दुखणाऱ्या मानेची हालचाल कमी करायला, आणि सायकलवर तुला मान हलवता आलीच पाहिजे. घालून बाजूला वळून मागचं दिसलं नाही तर पुढचा अपघात तोच घडवेल.

उरलेल्या तीनांतून निवडताना दुकानात जा. ऑनलाइन मागवलास तर परत करता येईल असाच मागव. छातीचा घेर टेपने मोजून साइज घे, टी-शर्टच्या साइजवरून नको. मग ब्रेस आर्मरवर चढव. काही आर्मरमध्ये ब्रेससाठी मागेपुढे खाच असते, काहींत ब्रेस आर्मरवर डुगडुगतो. डुगडुगला तर ती जोडी नको, मग दोन्ही वस्तू वेगवेगळ्या कितीही चांगल्या असोत. आरशासमोर उभा राहा. चौकट खांद्यांवर सपाट टेकली आहे का, गळपट्टीच्या हाडावर रुतते का? बोट घालून बघ. त्या हाडावर ती जोराने टेकत असेल तर पडताना तेच हाड मोडायला मदत होईल, आणि सायकलवाल्यांचं ते हाड तसंही मोडायला टपलेलं असतं.

मग हेल्मेट घालून हनुवटीचा पट्टा आवळ आणि डोकं मागे, पुढे, दोन्ही कुशींना हळूहळू ने. रोजच्या हालचालीत काहीच टेकता कामा नये. शेवटच्या टप्प्यात मात्र हेल्मेटची कड ब्रेसवर सगळीकडे सारखी टेकली पाहिजे. मागे लवकर टेकते आणि पुढे टेकतच नाही असं झालं तर पॅड, खिळी किंवा मागची पट्टी बदलून उंची जुळव. बऱ्याच ब्रेसमध्ये तशी सोय असते. दुकानदाराला ते करता येत नसेल तर त्या दुकानातून घेऊ नकोस. आणि शेवटी सायकलवर चढ. पेडल आडवे, कोपरं बाहेर, कंबर मागे, नजर वीस-पंचवीस पावलं पुढे. उतारावर तू असाच असशील. या बैठकीत हेल्मेटची मागची कड ब्रेसवर आदळून मान वर होईनाशी झाली तर ब्रेस चुकीचा आहे. अशा वेळी पोरं नजर खाली घालून चाकासमोर बघत राहतात आणि तिथूनच पडतात.

साध्या, हनुवटी उघड्या हेल्मेटवर ब्रेस घालू नकोस. टेकायला कडच नसते, तेव्हा तो नुसता गळ्यातला बोजा. नाशिकच्या टेकड्यांवर सकाळी चढ-उतार करतोस तेव्हाही नको. घामाने चिकटतो, चढताना मान वर करताना त्रास देतो, आणि माणूस कंटाळून गरजेच्या वेळीही काढून ठेवतो. तो मनालीच्या उतारासाठी राखून ठेव. सेकंडहँड मिळाला तर मोह आवर. तो कितीदा आपटला हे विकणारा सांगणार नाही आणि प्लास्टिकमधले बारीक तडे डोळ्याला दिसत नाहीत.

याच्या जोडीला मानेची ताकद वाढव. तळहात कपाळावर ठेवून डोकं पुढे दाबायचं, हाताने अडवायचं, मान हलू द्यायची नाही, सहा-सात सेकंद. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. रोज, अवाजवी जोर न लावता. पण त्याहून मला काळजी तुझ्या वरच्या पाठीची आहे. लॅपटॉपपुढे बसून ती वाकून कडक झाली असेल तर सायकलवर समोर बघायला सगळा बाक मानेलाच द्यावा लागतो. टॉवेलची गुंडाळी पाठीखाली, खांद्यांच्या पात्यांच्या पातळीवर आडवी ठेवून दोन्ही हात डोक्यामागे घे आणि रोज पाच मिनिटं पडून राहा. हँडल फार खाली असेल तर वर घे. ब्रेस बसत नाही म्हणणाऱ्यांत बऱ्याचदा ब्रेसचा काही दोष नसतो, पाठ सरळ होत नसते.

आता जे लिहिते ते तुझ्याबरोबर जाणाऱ्या मित्रांनाही वाचून दाखव. आपल्याकडे कुणी पडला की चौघं धावतात, बगलेत हात घालून उठवून बसवतात, हेल्मेट ओढून काढतात आणि पाणी पाजतात. मायेनेच करतात, पण दुखावलेला मणका त्याच ओढाताणीत सरकू शकतो. मानेच्या मधोमध दुखत असेल, हातापायांत मुंग्या असतील, मूठ नीट आवळत नसेल, किंवा पडलेला गोंधळलेला असेल तर तो पडला आहे तसाच राहू द्यायचा. एकाने डोक्यापाशी बसून दोन्ही हातांनी हेल्मेट स्थिर धरायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढायचं नाही. श्वास अडत असेल तरच, आणि तेही दोघांनी मिळून: एकजण मान धरून, दुसरा हेल्मेट सरळ रेषेत काढत. बरेच ब्रेस बाजूच्या कळा सोडून उघडता येतात, हेल्मेटच्या गालांच्या गाद्याही काही मॉडेलमध्ये पट्टी ओढून बाहेर निघतात. तुझ्या ब्रेसच्या कळा कुठे आहेत ते मित्रांनी घरीच डोळे मिटून शोधून बघावं. उतारावर पहिल्यांदा शोधत बसायची वेळ येऊ नये.

पडलास आणि काही झालं नाही असं वाटलं, तरी त्या दिवशी पुन्हा उतरू नकोस. हेल्मेट जोरात आपटलं असेल तर बदल. ब्रेस उजेडात धरून खिळ्यांभोवती बघ.

पुण्याला येशील तेव्हा हेल्मेट, आर्मर आणि जमलं तर सायकल घेऊन ये. शनिवारी दुपारनंतर दवाखाना रिकामा असतो. तिथल्या आरशासमोर बसून बघू, तुझ्या पाठीचीही तपासणी करू. तोवर त्या तीनांतला कुठलाच मागवू नकोस.

ताईला सांग, मी तुला थांबवणार नाही, नीट घालायला शिकवणार आहे.

तुझी,
मावशी