बेसबॉलच्या हंगामाची पूर्वतयारी



जानेवारी महिन्यांत आपल्याकडील मैदानें सकाळपासून क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनीं गजबजून जातात. त्याच महिन्यांत अमेरिकेच्या ईशान्येस असलेल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांत मैदानांवर बर्फ पडलेलें असतें, आणि कित्येकदां मार्च उजाडला तरी तें पुरतें वितळत नाहीं. तरीहि तेथील कॉलेजांचे बेसबॉलचे संघ ह्याच दिवसांत नव्या हंगामाच्या तयारीस लागलेले असतात. मैदान दिसत नाहीं, गवत दिसत नाहीं, सामन्यांस अद्याप सहा-आठ आठवडे अवकाश. मग हे खेळाडू करितात तरी काय? ह्या प्रश्नाचा शोध घेऊं लागलों तेव्हां मला असें दिसून आलें कीं, ह्या तयारीचा मोठा भाग एकाच गोष्टीभोंवतीं फिरत असतो. ती गोष्ट म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुलाचा हात हळूहळू तयार करणें, आणि त्या मुलास घाई करूं न देणें. त्याविषयीं कांहीं माहिती येथें देत आहें. मुलांनीं तर ती वाचावीच. पण त्यांच्या घरच्या वडील माणसांनींहि वाचावी, अशी माझी विनंति आहे.

कॉलेजाकॉलेजांमधील बेसबॉलचा पहिला सामना ह्याच मॅसॅच्युसेट्स प्रांतांत, पिट्सफील्ड ह्या गांवीं, १ जुलै १८५९ रोजीं झाला. एका बाजूस विल्यम्स कॉलेज व दुसऱ्या बाजूस अ‍ॅम्हर्स्ट कॉलेज. विल्यम्सचें नांव आपणांस अगदींच परकें वाटण्याचें कारण नाहीं. १८१३ सालीं मुंबईस येऊन मराठी शिकलेले व अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारे गॉर्डन हॉल हे ह्याच कॉलेजाचे पदवीधर होते. अ‍ॅम्हर्स्ट तर विल्यम्समधूनच फुटून निघालेलें. १८२१ सालीं विल्यम्सचे अध्यक्ष कांहीं विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन बाहेर पडले व नव्या कॉलेजाचे पहिले अध्यक्ष झाले. तेव्हां दोन्ही घरांत भाऊबंदकी आधींपासूनच होती!

त्या दिवशींचा खेळ आजच्यासारखा नव्हता. एकेका बाजूस तेरा खेळाडू. धांवणाऱ्याच्या अंगावर चेंडू मारून त्यास बाद करण्याची मुभा. आणि डावांमागून डाव. शेवटीं अ‍ॅम्हर्स्टनें ७३ विरुद्ध ३२ असा जय मिळविला, व दुसऱ्या दिवशीं बुद्धिबळांतहि तेच जिंकले. अ‍ॅम्हर्स्टचा चेंडू फेकणारा मुलगा इतका वेळ अखंड फेकीत राहिला कीं, हा विद्यार्थी नसून पैसे देऊन आणिलेला गांवचा लोहार आहे, अशी कुजबुज उठली. साडेतीन तास असें फेकणें लोहाराखेरीज कोणास साधणार, असें एक प्रेक्षक म्हणाल्याचें त्या वेळच्या वृत्तांतांत नमूद आहे. दंडांत बळ असलें म्हणजे हात हवा तितका राबवावा, ही त्या काळची समजूत ह्या गोष्टींत स्पष्ट दिसते. ती समजूत पुढें कशी व कां बदलली, हेंच आपणांस पाहावयाचें आहे.

क्रिकेट जाणणाऱ्या मुलास बेसबॉल समजण्यास फार वेळ लागत नाहीं. आपल्याकडे जो गोलंदाज, तो तेथें पिचर. तो दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो. तेथून फलंदाजाच्या ठाण्यापर्यंतचें अंतर ६० फूट ६ इंच. हें अंतर १८९३ पासून बदललेलें नाहीं. चेंडू पांच ते सव्वापांच औंसांचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून थोडा हलका, आणि त्याच्या कातड्यावर १०८ दुहेरी टांके असतात. चेंडू टप्पा न घेतां सरळ फलंदाजाकडे जातो, व फलंदाजाच्या मागें बसलेला कॅचर तो झेलतो. पण खरा भेद हातांत आहे. आपला गोलंदाज धांवत येतो व कोंपर न वांकवितां चेंडू टाकितो. पिचर धांवत येत नाहीं, तो जागेवरूनच कोंपर वांकवून दगड भिरकावल्याप्रमाणें फेकितो. धांवण्यानें मिळणारा वेग त्यास पाय, कंबर, धड व खांदा ह्यांतून एका क्षणांत उत्पन्न करावा लागतो, आणि तो सारा शेवटीं कोंपरांतून जातो.

हा वेग केवढा, तें गणितानेंच पाहूं. कॉलेजांतील चांगला पिचर ताशीं ९० मैल वेगानें चेंडू फेकितो, म्हणजे सेकंदास १३२ फूट. फेकतांना तो एक मोठें पाऊल पुढें टाकीत असल्यामुळें चेंडू सुटतो तेव्हां अंतर सुमारें ५५ फूटच उरतें. भागाकार केला तर फलंदाजास मिळणारा वेळ अर्ध्या सेकंदाहूनहि कमी भरतो. आणि पिचरचा खांदा? तो ज्या वेगानें फिरतो त्याच वेगानें फिरत राहता, तर एका सेकंदांत एकोणीस प्रदक्षिणा पुऱ्या झाल्या असत्या. असा झटका एका सामन्यांत शंभरदां बसतो.

आतां तयारीकडे वळूं. मोठ्या कॉलेजांचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतो. पहिल्या श्रेणींतील संघास एका हंगामांत ५६ पर्यंत सामने खेळण्याची परवानगी असते, आणि आठवड्यांत चार सामने होणें हें नेहमींचेंच. अ‍ॅम्हर्स्ट व विल्यम्स हीं तिसऱ्या श्रेणींत मोडतात. ह्या श्रेणींत खेळासाठीं शिष्यवृत्ति देत नाहींत; सकाळीं रसायनशास्त्राचा वर्ग व संध्याकाळीं सराव, असाच मुलांचा क्रम. सराव होतो तो व्यायामशाळेंत, किंवा जाळ्यांनीं चोहोंबाजूंनीं व वरूनहि बंद केलेल्या लांब पिंजऱ्यांत. आपल्याकडील क्रिकेटचें नेट तें हेंच, पण त्यास छप्पर आहे, इतकेंच. लांकडी जमिनीवर चेंडूची उशी एकसारखी येते. त्यामुळें क्षेत्ररक्षकांस तेथें आपण फार तरबेज झालों असें वाटूं लागतें, आणि मार्चमध्यें खऱ्या मातीवर उतरल्यावर तो भ्रम पहिल्या तासांतच फिटतो.

फलंदाजांनीं पिंजऱ्यांत सराव करावा, तर त्यांस कोणीतरी चेंडू फेकावा लागणार. सर्व फलंदाजांस पुरेसे चेंडू फेकावयाचे म्हटलें तर पिचरांचे हात हंगामापूर्वींच निकामी व्हावयाचे. ह्या अडचणीवरील एक उपाय फारच नवलाचा आहे, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. १८९० नंतरच्या दशकांत प्रिन्स्टन येथें चार्ल्स हॉवर्ड हिंटन नांवाचे एक इंग्रज गणिताचे शिक्षक होते. लांबी, रुंदी व उंची ह्यांपलीकडे चौथें परिमाण मानल्यास घनाकृतीचें काय होईल, ह्याचा विचार करणारे हे गृहस्थ. अशा चतुष्परिमाणी घनास ‘टेसरॅक्ट’ हें नांव त्यांनींच दिलें. त्यांनीं प्रिन्स्टनच्या संघासाठीं चेंडू फेकणारें यंत्र करावयाचें मनावर घेतलें. प्रथम गोफणीच्या जातीचें यंत्र करून पाहिलें, पण नेम साधेना. मग त्यांनीं सरळ तोफच केली! बंदुकीच्या दारूच्या जोरावर नळींतून बेसबॉलचा चेंडू सुटे; नळीच्या तोंडाशीं बोटांसारख्या वांकड्या पट्ट्या बसविलेल्या असत, त्यांच्या स्पर्शानें चेंडूस गिरकी मिळून तो हवेंत वळे. १८९७ सालीं प्रिन्स्टनच्या मुलांनीं ह्या तोफेपुढें उभें राहून सराव केला. किती मुलांचे पाय लटपटले असतील, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. आज त्या तोफेच्या जागीं विजेनें फिरणारीं दोन चाकें आलीं आहेत. त्यांच्यामधून चेंडू दाबला जाऊन सुटतो, आणि एका चाकाचा वेग कमी केला म्हणजे त्यास गिरकी मिळते. यंत्र थकत नाहीं हा त्याचा गुण. परंतु फलंदाज पिचरचा खांदा व हात पाहूनच चेंडूचा अंदाज घेत असतो, आणि यंत्रास खांदा नाहीं. म्हणून शेवटीं जिवंत पिचरावांचून चालत नाहींच.

तेव्हां पुन्हां त्या हाताकडे येऊं. शरद ऋतूंतील सराव संपल्यावर पिचर कांहीं आठवडे चेंडूस हातहि लावीत नाहीं. पुढें पुन्हां आरंभ होतो तो अगदीं बाळबोध रीतीनें. दोघे जण ४५ फुटांवर उभे राहतात व सावकाश एकमेकांकडे चेंडू टाकितात. कांहीं दिवसांनीं ६० फूट, मग ९०, मग १२०. फेकींची संख्याहि अशीच चढत जाते. कोंपरांत किंवा खांद्यांत कळ आली, तर एक पायरी खालीं उतरावयाचें, अशी शिस्त. ह्यानंतरच उंचवट्यावर चढावयाचें, तेंहि निम्म्या जोरानें व केवळ सरळ चेंडू फेकण्यासाठीं. वळणारा चेंडू सर्वांत शेवटीं. अठरा-एकोणीस वर्षांच्या दणकट मुलास हें किती कंटाळवाणें वाटत असेल! त्याचा दंड तर महिन्याभरांतच फुगलेला असतो, आणि आपण पूर्ण जोरानें फेकूं शकूं अशी त्याची खात्री होते. ती खात्रीच घातक. स्नायू लौकर बळकट होतात, परंतु हाडास हाड बांधून ठेवणारे जे बंध असतात ते फार सावकाश तयार होतात. कोंपराच्या आंतल्या बाजूस असा एक लहानसा बंध आहे. जोरानें फेकलेल्या चेंडूचा ताण त्यास एकट्यास सोसणारा नसतो. भोंवतालचे स्नायू त्याचा भार वांटून घेतात. स्नायू थकले कीं सगळा भार बंधावर येतो. थकलेल्या हातानें फेकण्यांतला धोका तो हाच.

१९७४ सालीं टॉमी जॉन नांवाच्या एका धंदेवाईक पिचरचा हा बंध तुटला. तोंवर अशा खेळाडूनें मैदानाचा निरोप घ्यावा, एवढाच मार्ग असे. त्या वर्षींच्या २५ सप्टेंबरला डॉक्टर फ्रँक जोब ह्यांनीं त्याच्या दुसऱ्या हातांतील एक स्नायुरज्जु काढून ती कोंपराच्या हाडांना भोंकें पाडून त्यांतून ओंवली. यश येण्याचा संभव शंभरांत एक, असें त्यांनीं आधींच सांगितलें होतें. टॉमी जॉननें १९७५ चें संपूर्ण वर्ष हात पुन्हां शिकविण्यांत घालविलें, १९७६ त तो परत आला, आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या नांवावरील २८८ विजयांपैकीं १६४ ह्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. ही गोष्ट मोठी खरी. पण तिचा एक विपरीत परिणाम झाला. शस्त्रक्रियेनें हात पूर्वींहून बळकट होतो, असें तिकडील कांहीं पालकांस व मुलांस वाटूं लागलें. २००६ सालीं अमेरिकेंत वाढत्या वयाच्या पिचरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हात थकला असतांहि नेहमीं फेकीत राहणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची पाळी येण्याचा संभव इतरांच्या ३६ पट, आणि वर्षांत आठ महिन्यांहून अधिक फेकणाऱ्यांचा पांच पट, असें त्यांत आढळलें.

येथें मला स्वतःविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. पूर्वीं मी एका शाळेंत असतांना तेथील क्रिकेटच्या संघाची देखरेख माझ्याकडे होती. चौदा वर्षांचा एक उंच मुलगा जलद गोलंदाजी करी. सामने जवळ आलेले. सकाळीं सराव, दुपारीं पुन्हां सराव, आणि चेंडू बहुतेक त्याच्याच हातीं. एके दिवशीं तो म्हणाला, “सर, कंबरेंत दुखतंय.” मीं हंसून म्हटलें, “ह्या वयांत कसली रे कंबर दुखते?” तो कांहीं बोलला नाहीं, चेंडू घेऊन परत गेला व त्यानें आणखी सहा षटकें टाकिलीं. पुढें डॉक्टरांनीं पाहिलें, तेव्हां पाठीच्या मणक्यास बारीक चीर गेलेली आढळली. जलद गोलंदाजांत पाठीचें हें दुखणें वारंवार होतें. पिचरचें जसें कोंपर, तसा गोलंदाजाचा मणका. मला तें ठाऊक नव्हतें, पण ठाऊक करून घेणें माझें काम होतें. त्याचे वडील शाळेंत आले तेव्हां रागावले नाहींत. “तुम्ही सांगितलंत म्हणून त्यानं टाकलं,” इतकेंच म्हणाले. पुढच्या वर्षीं तो मुलगा मैदानावर येई, पण गुणफलक लिहावयास.

म्हणूनच पुढील आंकडे मला पाठ आहेत. अमेरिकेंतील बेसबॉलच्या संस्थांनीं २०१४ सालीं मुलांच्या वयाप्रमाणें एका दिवसांतील फेकींची मर्यादा ठरवून दिली : ११-१२ वर्षांच्या मुलास ८५, १३ ते १६ च्या मुलास ९५, १७-१८ च्या मुलास १०५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलानें एका दिवशीं ६५ हून अधिक फेकी केल्या, तर त्यास चार दिवस विश्रांति. शिवाय वर्षांतून निदान चार महिने सामन्यांत पिचर म्हणून फेकणें बंद. इंग्लंडांतहि तरुण जलद गोलंदाजांनीं किती षटकें टाकावींत ह्याचे नियम वयावारीं ठरलेले आहेत. हे आंकडे घरीं मुलांच्या टेबलासमोर लावून ठेवण्याजोगे आहेत. कारण शाळेचा संघ, मोहल्ल्याचा संघ व सुट्टींतील शिबिर ह्या तिन्ही ठिकाणीं एकच मुलगा टाकीत असतो, आणि तिहींची बेरीज घरच्यांवांचून कोणीच करीत नाहीं.

संघाच्या इतर तयारीविषयीं फार लिहावयास नको. कॅचर तासन्‌तास उकिडवे बसून मांड्या घट्ट करितात. फलंदाज हातांतली बॅट पारखून घेतात. १९७४ पासून कॉलेजांत अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटी चालतात, आणि २०११ पासून त्यांच्यावर असें बंधन आहे कीं त्यांवरून चेंडू लांकडी बॅटीहून फारसा अधिक वेगानें उसळूं नये. मार्च महिन्यांत कॉलेजास सुट्टी लागली म्हणजे उत्तरेकडील बरेच संघ बर्फ मागें टाकून फ्लॉरिडासारख्या उबदार प्रांतांत जातात, आणि पिंजऱ्यांत घालविलेल्या दिवसांनंतर त्यांस पहिल्यानेंच मोकळ्या आकाशांत उडालेला चेंडू दिसतो. उंच झेल त्या दिवशीं पुष्कळ सुटतात.

ह्याच पहिल्या सामन्यांत जानेवारींतील सर्व धड्यांची परीक्षा असते. कल्पना करा : पिचर उत्तम फेकीत आहे, तीन डाव झाले, प्रतिपक्षास एकहि धांव मिळालेली नाहीं. संघाच्या बांकावर एक विद्यार्थी वही घेऊन बसला आहे व प्रत्येक फेकीगणिक एक खूण करीत आहे. पन्नासावी खूण होतांच तो मार्गदर्शकांकडे पाहतो. मार्गदर्शक उठून सावकाश उंचवट्यापर्यंत चालत जातात व हात पुढें करितात. “माझा हात अगदीं ताजा आहे, सर,” मुलगा म्हणतो. ते हात तसाच पुढें ठेवितात. मुलगा चेंडू त्यांच्या हातावर ठेवितो, बांकावर येऊन खांद्यावर जाकीट ओढून घेतो, आणि आपली पुढची पाळी कोणत्या दिवशीं आहे तें त्या वहींत पाहूं लागतो.